वाचकांचे प्रश्न : नाटक शिकवणाऱ्या हॅली फ्लॅनगन

गेल्या अंकात १९३०च्या दशकातील मंदीत अमेरिकी सरकारने चालवलेल्या ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ या योजनेवर लिहिताना, तिच्या संचालक हॅली फ्लॅनगन या मूळच्या महाविद्यालयीन प्राध्यापिका होत्या, असा ओझरता उल्लेख आला होता. मूळ लेखापेक्षा त्या एका उल्लेखावरच अधिक पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. १९२०च्या सुमारास नाटक हा विषय अमेरिकेतील महाविद्यालयांत तरी स्वतंत्रपणे शिकवला जात होता का? फ्लॅनगन यांनी तो कोठे शिकला? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

शिकवला जात होता, पण बहुतेक ठिकाणी इंग्रजी विभागाच्या आश्रयाने आणि थोडासा संकोचत. पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने १९१४ साली नाट्यकलेची पदवी देणारा विभाग सुरू केला होता; अन्यत्र नाटक म्हणजे वाचायचे साहित्य, आणि ते करून पाहणे म्हणजे विद्यार्थ्यांची सायंकाळची हौस, अशीच समजूत होती. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर हे प्राध्यापक नाट्यलेखनाचा जो वर्ग घेत, त्याचा अभ्यासक्रमातील क्रमांक ‘इंग्रजी ४७’ असा होता, आणि त्याला जोडून चालणाऱ्या प्रयोगशाळेला त्यामुळे ‘४७ वर्कशॉप’ हे नाव पडले. विद्यार्थ्याने लिहिलेले नाटक तेथे प्रत्यक्ष उभे राही, आणि निमंत्रित प्रेक्षकांनी प्रयोगानंतर आपले मत लेखी कळवावे अशी अट असे. पुढे नामवंत नाटककार झालेले युजीन ओनील याच वर्गातून गेले. इतके असूनही नाट्यलेखनाला पदवी देण्यास हार्वर्डने नकार दिला, तेव्हा १९२५ साली बेकर येल विद्यापीठात निघून गेले.

फ्लॅनगन या बेकर यांच्याकडे १९२३ साली पोचल्या, तेव्हा त्या कोवळ्या वयाच्या विद्यार्थिनी नव्हत्या. माहेरच्या त्या फर्ग्युसन. आयोवा राज्यातील ग्रिनेल या छोट्या गावात त्या वाढल्या आणि तेथीलच महाविद्यालयातून १९११ साली पदवीधर झाल्या. लगेच विवाह झाला, दोन मुलगे झाले. १९१९ साली पती मरे फ्लॅनगन क्षयाने गेले. १९२२ साली थोरला मुलगा मेंदूज्वराने गेला. मधल्या काळात पोट भरण्यासाठी त्यांनी ग्रिनेल महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यास सुरुवात केली होती आणि एक नाटक लिहून स्पर्धेत पारितोषिकही मिळवले होते. बेकर यांच्या वर्गात प्रवेश मिळाला तो या पार्श्वभूमीवर. तेथे त्यांनी निर्मिती-साहाय्यक म्हणून वर्षभर काम केले, त्या ग्रिनेलला परतल्या आणि १९२५ साली न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील व्हासर या मुलींच्या महाविद्यालयात रुजू झाल्या.

दुःखाने त्यांना रंगभूमीकडे ढकलले, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार सूचित केले जाते. मला ते पटत नाही. नोकरीची गरज त्यांना दुःखामुळे पडली, हे खरे. पण नाटकाची ओढ त्याआधीची होती.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि दरवर्षी एकांकिका स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेतो. फ्लॅनगन वर्गात नेमके काय शिकवत? त्यांची पद्धत आम्हाला कळू शकेल का? (प्राध्यापक, कोल्हापूर)

सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फ्लॅनगन यांचे नाव आज घेतले जाते ते सरकारी योजनेमुळे. त्यांचे अस्सल काम मात्र व्हासरमधील पहिल्या दहा वर्षांतले आहे, आणि त्या योजनेत जे जे नवे म्हणून गाजले त्यातील बरेचसे आधी या मुलींच्या महाविद्यालयात करून झालेले होते.

व्हासरमध्ये आल्यावर वर्षभरातच त्यांना गुगेनहाइम फेलोशिप मिळाली आणि १९२६-२७ मध्ये त्यांनी युरोपभर फिरून नाटके पाहिली. इंग्रज नेपथ्यकार-दिग्दर्शक गॉर्डन क्रेग यांना त्या भेटल्या, रशियात स्तानिस्लाव्स्की आणि मेयरहोल्ड या दिग्दर्शकांचे काम त्यांनी जवळून पाहिले. (या रशियाभेटीचा हिशेब त्यांना अकरा वर्षांनी संसदीय समितीपुढे द्यावा लागला, त्याविषयी पुढे लिहिले आहे.) त्या प्रवासावरचे त्यांचे पुस्तक १९२८ साली प्रसिद्ध झाले, पण प्रवासाचे खरे फलित त्याआधीच व्हासरच्या रंगमंचावर आले होते. १९२७च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी चेखव्ह यांची मागणी घालण्याच्या प्रसंगावरची छोटी प्रहसनात्मक एकांकिका एकाच संध्याकाळी लागोपाठ तीन वेळा सादर केली : प्रथम वास्तववादी पद्धतीने, मग मुखवटे वापरून अभिव्यक्तिवादी पद्धतीने, आणि शेवटी मेयरहोल्ड यांच्या धर्तीवर, जेथे घराचा देखावाच नाही, आहेत ती फक्त चढण्या-उतरण्याची उघडी बांधकामे आणि नटांची शरीरे. संहिता तीच, भांडण तेच, आणि तरी तिन्ही वेळा प्रेक्षकांना वेगळे नाटक दिसले. शैली म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून समजावण्यास एक सत्र लागले असते आणि तरीही ते मुलींना कळले असतेच असे नाही.

आपण पद्धतीविषयी विचारले आहे, तर मला तिच्यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे प्रयोग हाच पाठ मानणे. वर्षाअखेरीस पालकांसमोर करायचे ‘गॅदरिंग’चे नाटक आणि वर्गातील अभ्यास यांच्यात त्यांनी भिंत ठेवली नाही, मुली नाटक निवडताना वाचत, उभे करताना सुतारकाम आणि प्रकाशयोजना शिकत. पुरुष भूमिकांसाठी महाविद्यालयातील प्राध्यापक आणि गावातील हौशी मंडळी बोलावली जात. दुसरी गोष्ट म्हणजे नाटकाचा विषय वर्तमानपत्रातून उचलण्याची तयारी, आणि हिचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे.

१९३०-३१ मध्ये आर्कान्सा राज्यात भीषण दुष्काळ पडला. १९३१च्या जानेवारीत तेथील एका गावात उपाशी शेतकरी जमून अन्नाची मागणी करू लागले, आणि ती बातमी देशभर गेली. व्हिटेकर चेंबर्स यांनी या घटनेवर लिहिलेली कथा मार्चमध्ये एका डाव्या मासिकात छापून आली. फ्लॅनगन आणि त्यांची व्हासरमधील माजी विद्यार्थिनी मार्गारेट एलन क्लिफर्ड यांनी तिचे नाटक केले आणि २ मे १९३१ रोजी, म्हणजे घटनेनंतर चार महिन्यांच्या आत, त्याचा प्रयोग झाला. ‘कॅन यू हिअर देअर व्हॉइसेस?’ हे ते नाटक. एका दृश्यात शेतकऱ्यांची झोपडी, दुसऱ्यात वॉशिंग्टनमधील लोकप्रतिनिधीच्या मुलीसाठीची उधळपट्टीची मेजवानी, आणि दृश्यांच्या अधेमध्ये पडद्यावर दुष्काळाविषयीची खरी आकडेवारी व मजकूर प्रक्षेपित केलेला. व्हासरमध्ये शिकणाऱ्या मुली कोणत्या घरांतून आलेल्या होत्या हे लक्षात घेतले, तर मेजवानीच्या दृश्यातील टोमणा कोणाला बसत होता ते उघड आहे. व्यवस्थापनाने हा प्रयोग होऊ दिला, याचे श्रेय अध्यक्ष हेन्री नोबल मॅक्रॅकन यांना दिले पाहिजे. ते स्वतः नाटकाचे रसिक होते. असा वरिष्ठ पाठीशी नसता तर फ्लॅनगन यांच्या गुणांचे काय झाले असते, हे आपल्याकडील कोणत्याही महाविद्यालयात नाटक बसवणाऱ्या शिक्षकाला सांगण्याची गरज नाही.

फ्लॅनगन केवळ चळवळीची नाटके करत, असेही समजू नये. टी. एस. एलियट यांचे ‘स्वीनी अ‍ॅगोनिस्टीस’ हे अपुरे पद्यनाट्य १९३३च्या मे महिन्यात प्रथम रंगमंचावर आले तेही व्हासरमध्ये. एलियट यांनी प्रयोगाविषयी सूचना देणारे आणि नवा शेवट सुचवणारे पत्र त्यांना आधीच पाठवले होते, आणि प्रयोगाला ते स्वतः हजर राहिले. आर्कान्साचे शेतकरी आणि एलियट या दोहोंना दोन वर्षांच्या अंतराने एकाच रंगमंचावर जागा देणारी व्यक्ती एका पक्षाची प्रचारक होती, असे म्हणणाऱ्यांनी तिच्या नाटकांची यादीच पाहिलेली नसते.

प्रश्न : व्यावसायिक रंगभूमीवर कधीही न वावरलेल्या प्राध्यापिकेकडे संपूर्ण देशाची नाट्ययोजना कशी सोपवली गेली? यात ओळखीपाळखीचा भाग किती होता? (निवृत्त शिक्षक, सांगली)

ओळख होती, आणि ती लपवण्याचे कारण नाही. मंदीतील रोजगार-योजनांचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स हे ग्रिनेल महाविद्यालयात फ्लॅनगन यांच्या एक वर्ष मागे होते. पण केवळ गाववाले म्हणून नेमायचे असते, तर त्यांना यापेक्षा कमी वादग्रस्त व्यक्ती सहज मिळाली असती. हॉपकिन्स यांची खरी अडचण वेगळी होती. बोलपट आणि मंदी यांनी देशभरातील नट, वादक, तंत्रज्ञ यांचे काम हिरावले होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील निर्मात्यांना न्यूयॉर्कच्या बाहेरची रंगभूमी ठाऊक नव्हती आणि तिच्यात त्यांना रसही नव्हता. देशाच्या कानाकोपऱ्यात नाटक जिवंत ठेवणारी माणसे महाविद्यालयांत आणि छोट्या स्थानिक नाट्यसंस्थांत होती, आणि फ्लॅनगन त्यांना ओळखत होत्या. नेमणुकीची जाहीर घोषणाही १९३५च्या जुलैमध्ये आयोवा विद्यापीठात भरलेल्या नाट्यपरिषदेत झाली, हे सूचक आहे. त्यानंतर त्यांनी नेमलेल्या प्रादेशिक प्रमुखांत उत्तर कॅरोलायनाचे फ्रेडरिक कॉक, आयोवाचे ई. सी. मेबी, वॉशिंग्टन विद्यापीठाचे ग्लेन ह्यूज अशी प्राध्यापक मंडळी होती. न्यूयॉर्कची जबाबदारी मात्र त्यांनी एल्मर राइस या व्यावसायिक नाटककाराला दिली.

२७ ऑगस्ट १९३५ रोजी, म्हणजे स्वतःच्या वाढदिवशी, त्यांनी शपथ घेतली. योजनेच्या भरात सुमारे साडेबारा हजार लोक तिच्या वेतनपटावर होते, आणि त्यांतील बहुसंख्य सरकारी मदतीस पात्र ठरलेले बेरोजगार असावेत, अशी अट होती. म्हणजे उत्तम नट निवडून घ्यायचे नाहीत, तर रांगेत उभे असलेल्यांतून नाटक घडवायचे. ज्यांनी कधी महाविद्यालयात नाटक बसवले आहे त्यांना हे गणित नवे वाटणार नाही : तेथेही पात्रे आधी मिळतात आणि संहिता मागून शोधावी लागते. व्हासरमधील अनुभव येथे थेट उपयोगी पडला, असे मला वाटते. बेकार झालेल्या पत्रकारांना आणि नटांना एकत्र आणून उभी केलेली ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ ही नाट्यरीती पाहा : शेतीचे प्रश्न, वीजकंपन्या, गलिच्छ वस्त्यांतील घरे अशा विषयांवरची, आकडेवारी आणि प्रक्षेपित मजकूर वापरणारी ती नाटके १९३६ ते १९३८ या काळात गाजली. तिच्यामागे रशियातील आणि जर्मनीतील तशाच प्रयोगांचा वारसा होता, पण अमेरिकेत तिची रंगीत तालीम १९३१च्या त्या दुष्काळी नाटकात झालेली होती.

सुरुवात मात्र पराभवानेच झाली. इथिओपियावरील इटलीच्या आक्रमणाविषयीचे पहिले ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ परराष्ट्रांच्या प्रमुखांना रंगमंचावर आणण्यास सरकारने मनाई केल्यामुळे १९३६च्या जानेवारीत बंद पडले आणि राइस यांनी राजीनामा दिला. फ्लॅनगन थांबल्या. याविषयी त्यांच्यावर टीका झाली, आणि ती सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणवत नाही. पण राजीनामा देणाऱ्या नाटककाराला परतण्यासाठी त्याची लेखणी असते, हजारो लोकांचे पगार ज्या सहीवर निघतात त्या सहीचा धनी इतक्या मोकळेपणाने निघून जाऊ शकत नाही.

प्रश्न : संसदीय समितीपुढे त्यांना ‘मार्लो हा कम्युनिस्ट आहे काय?’ असे विचारले गेले, ही गोष्ट खरी की नंतर रचलेली? (वाचक, मडगाव)

खरी आहे, आणि समितीच्या अधिकृत नोंदीत आहे. ६ डिसेंबर १९३८ रोजी, देशविरोधी कारवायांचा तपास करणाऱ्या डाइस समितीपुढे फ्लॅनगन यांची साक्ष झाली. अलाबामाचे सदस्य जो स्टार्न्स यांनी फ्लॅनगन यांचाच १९३१ सालचा, कामगार रंगभूमीवरील एक लेख वाचून दाखवला. त्यात एका उत्कट वृत्तीचे वर्णन करताना त्यांनी मार्लो यांच्या नावावरून घडवलेले विशेषण वापरले होते. हा मार्लो कम्युनिस्ट आहे काय, असे स्टार्न्स यांनी विचारले. आपण ख्रिस्टोफर मार्लो यांचा संदर्भ दिला आहे, असे फ्लॅनगन यांनी सांगितले. तेव्हा हा मार्लो कोण तेही सांगा, असे फर्मावण्यात आले. शेक्सपिअरच्या अगदी आधीच्या काळातील तो सर्वश्रेष्ठ नाटककार होता अशी नोंद करून घ्यावी, असे उत्तर त्यांनी दिले. मार्लो १५९३ साली मरण पावला होता. त्यानंतर स्टार्न्स यांनी ग्रीक नाटककारांकडे मोर्चा वळवला आणि युरिपिडीस यांच्यावरही वर्गजाणीव शिकवल्याचा ठपका ठेवला.

ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. दालनातही हशा पिकला होता. पण फ्लॅनगन यांनी १९४० साली लिहिलेल्या ‘अरीना’ या पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे की आपल्याला हसू आले नाही, कारण त्या वेळी आठ हजार लोकांच्या नोकऱ्या पणाला लागलेल्या होत्या. त्यांनी शेवटी निवेदन करण्याची परवानगी मागितली. समिती जेवणासाठी उठली आणि ती संधी पुन्हा मिळाली नाही. वर्गात आपले म्हणणे पूर्ण होईपर्यंत कोणी उठत नाही, या सवयीच्या शिक्षिकेला तो प्रसंग कसा वाटला असेल याची मी कल्पनाच करू शकतो. ३० जून १९३९ रोजी संसदेने निधी तोडला आणि योजना बंद झाली.

प्रश्न : इतक्या मोठ्या पदावरून परत वर्गात जाणे त्यांना जमले का? मी स्वतः तासिका तत्त्वावर नाट्यशास्त्र शिकवते. आमच्या क्षेत्रात बाहेर नाव झालेल्यांना विद्यापीठे बोलावतात, पण विद्यापीठातून बाहेर गेलेल्यांचे काय होते, हे कोणी सांगत नाही. (अध्यापिका, पुणे)

आपण ज्या दोन वाटांविषयी लिहिले आहे, त्यांतील पहिली आपल्याकडे अधिक परिचित आहे. सतीश आळेकर पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राची नोकरी करत नाटककार म्हणून प्रस्थापित झाले आणि त्यानंतर १९९६ साली पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. फ्लॅनगन यांची वाट उलटी होती. एक फरक मात्र नीट ध्यानात घ्यावा : व्हासरने त्यांची जागा राखून ठेवली होती. चार वर्षे सरकारी कामावर राहूनही त्या कायम नोकरीत परतू शकल्या, आणि ‘अरीना’ हे पुस्तक त्या आधारावरच लिहून झाले. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाला असे धाडस करता येत नाही. फ्लॅनगन यांच्या धैर्याची स्तुती करताना त्यांच्या नोकरीच्या अटींचाही उल्लेख व्हायला हवा, आणि तो सहसा होत नाही.

परत आल्यावरचा काळ सोपा नव्हता. व्हासरमधील ग्रीकचे प्राध्यापक फिलिप डेव्हिस यांच्याशी त्यांचा १९३४ साली दुसरा विवाह झाला होता. १९४० साली तेही गेले. १९४२ साली त्या मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ महाविद्यालयात अधिष्ठाता आणि नाट्यविषयाच्या प्राध्यापिका म्हणून गेल्या. अधिष्ठातापद त्यांनी १९४६ साली सोडले आणि नाट्यविभागात शिकवत राहिल्या. अणुशक्तीवरचे ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ त्यांनी याच काळात विद्यार्थिनींकडून करून घेतले. पुढे कंपवाताने त्यांना गाठले. १९५५ साली त्या निवृत्त झाल्या आणि १९६९ साली त्यांचे निधन झाले. योजनेची कागदपत्रे, संहिता आणि नेपथ्याची रेखाटने बाल्टिमोरजवळच्या एका विमानाच्या जुन्या हँगरमध्ये पडून असल्याचे १९७४ साली संशोधकांना आढळले. ते कळणे फ्लॅनगन यांच्या नशिबात नव्हते. व्हासरने जुन्या वीजघराचे नाट्यगृह केले, त्याला आता त्यांचे नाव आहे.

प्रश्न : ते दुष्काळाचे नाटक मराठीत करता येईल का? (नाट्यमंडळाचा विद्यार्थी प्रतिनिधी, लातूर)

भाषांतर करून पाहण्यापूर्वी हक्कांची चौकशी करा, कारण क्लिफर्ड या सहलेखिका आहेत आणि मूळ कथेचे हक्क आणखी निराळे असू शकतात. पण माझा सल्ला भाषांतर न करण्याचा आहे. आर्कान्साचे आकडे लातूरच्या प्रेक्षकांना काहीच सांगणार नाहीत; त्या नाटकाची रीत घ्या आणि मजकूर आपल्या जिल्ह्याचा घाला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी तुमच्यातील काहींनी लहानपणी स्वतः पाहिलेले असेल. त्या वर्षीची वर्तमानपत्रे जिल्हा ग्रंथालयात मिळतील. पडद्यावर दाखवायची प्रत्येक आकडेवारी दोन ठिकाणांहून पडताळून घ्या, कारण अशा नाटकात एक आकडा चुकला की समोरचा प्रेक्षक बाकीच्यांवरही विश्वास ठेवत नाही. प्रक्षेपणासाठी महाविद्यालयाचा प्रोजेक्टर चालेल, मात्र स्पर्धेच्या नियमांत तो बसतो की नाही हे संहिता लिहिण्याआधी विचारून घ्यावे.